पेटीने सारंगी मारली नाही

“पेटीने सारंगी मारली.” कोल्हापुरात संगीतावर बोलणाऱ्या माणसाकडून हे वाक्य तुम्ही एकदा तरी ऐकले असेल. आमच्या शिवाजी पेठेत मी ते चहाच्या टपरीवर ऐकले आहे, लग्नाच्या मांडवात ऐकले आहे आणि गाण्याच्या कार्यक्रमानंतर सभागृहाच्या पायऱ्यांवर तर हमखास ऐकले आहे. बोलणारा बहुधा चांगला रसिक असतो. त्याला खरेच वाईट वाटत असते. पुढचे वाक्यही ठरलेले असते : पेटी विलायती, सारंगी आपली, परक्याने घरच्याला हुसकावले.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. आपले कोणते आणि परके कोणते, हा प्रश्न माझ्या एका विषयाला आयुष्यभर विचारला गेला आहे. इथेच जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या उर्दूला लोक बाहेरची म्हणतात. त्यामुळे ‘परक्याने मारले’ अशी फिर्याद कानावर आली की मी आधी पंचनामा मागते. सारंगीच्या बाबतीत तो पंचनामा कुणी नीट केलेला नाही. केला तर आरोपीच्या पिंजऱ्यात पेटी दिसणार नाही. तिथे आपण दिसू, हिंदू आणि मुसलमान दोघेही, अंगावर इस्त्रीचे कपडे घातलेले शरीफ लोक.

आधी दोन्ही वाद्यांचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकू.

सारंगी एकाच लाकडी ठोकळ्यातून कोरतात, खालच्या भागावर कातडे मढवतात. तीन मुख्य तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या. त्यांच्याखाली पस्तीस-सदतीस तरफा, ज्या आपण होऊन झंकारतात. उजव्या हातात गज. डाव्या हाताची बोटे तातीवर वरून दाबायची नसतात, नखाच्या मुळाची कातडी तातीला बाजूने भिडवायची असते. म्हणूनच एका सुरातून दुसऱ्या सुरात सारंगी सरकत जाते, मध्ये पायरी लागत नाही. मींड, गमक, दरबारीचा झुलणारा कोमल गंधार, गळ्यातून जे निघते ते सगळे तिच्यातून निघते. उणे बाजूही आहे. इतक्या तारा लावायला वेळ लागतो. गायकाची पट्टी बदलली की पुन्हा सगळी जुळवाजुळव. आमच्याकडच्या पावसाळ्यात कातडे सैल पडते. हात बसायला वर्षे जातात.

पेटीचे उलटे आहे. स्वर बांधलेले, सप्तकात बारा पट्ट्या, दोन पट्ट्यांच्या मधले काही मिळणार नाही. दरबारीचा गंधार ती फार तर सुचवू शकते. मात्र पट्टी बदलायला क्षणही लागत नाही, आवाज भरदार, हवा कशीही असो सूर हलत नाही, आणि सहा महिन्यांत एखादे पोर भजनाला साथ करू लागते. गायकाने श्वास घेतला की मागे स्वर भरून राहतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला लेहरा धरायला सारंगी चालते तशी पेटीही चालते.

म्हणजे दोन वाद्ये, दोन गुण. एक सावलीसारखे गळ्याच्या मागे जाते, दुसरे गळ्याखाली जमीन धरते. त्यात कुणी कुणाला मारायचे कारण काय?

ही निवड जगात फक्त आपल्यालाच करावी लागली असे नाही. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात बरोक संगीताच्या काळात असाच पेच होता. तिथे दोन बासऱ्या होत्या. एक तोंडात सरळ धरून फुंकायची, आपल्या जत्रेत मिळणाऱ्या पाव्यासारखी. तिला इंग्रजीत रेकॉर्डर म्हणतात. गाणी साठवणाऱ्या यंत्राशी तिचा संबंध नाही. दुसरी आडवी धरायची, आपल्या मुरलीसारखी. रेकॉर्डरचा आवाज गोड आणि स्वच्छ, पण जोरात फुंकले की सूर चढतो आणि हळू फुंकले की उतरतो. त्यामुळे लहानमोठा आवाज काढायला फारशी जागा नाही. आडव्या बासरीत ओठांचा कोन बदलून सूर सांभाळता येतो, म्हणून आवाज वाढवता-घटवता येतो. इटालियनमध्ये तेव्हा नुसते ‘फ्लॉटो’ म्हटले की रेकॉर्डर समजत. आडवीला ‘आडवी’ हे विशेषण लावावे लागे. आज पाहा, नुसते फ्लूट म्हटले की आडवीच डोळ्यांसमोर येते.

त्या काळच्या मोठ्या रचनाकारांनी काय केले? व्हेनिसच्या विवाल्डीने चार-पाच वाद्यांसाठी छोटे कॉन्चेर्टो लिहिले. त्यांत मोठा वाद्यवृंद नाही, प्रत्येक वादक एकटा आणि प्रत्येकाला बोलायला जागा, आपल्या बैठकीसारखा प्रकार. काहींत त्याने रेकॉर्डर घातला, काहींत आडवी बासरी. मग १७२९ च्या सुमारास अ‍ॅम्स्टरडॅममध्ये त्याचा सहा कॉन्चेर्टोंचा एक संच छापला गेला, सगळा आडव्या बासरीसाठी, कारण तिचे दिवस आले होते. त्यातल्या दोन रचना त्याने आधी रेकॉर्डरसाठी लिहिलेल्या होत्या. त्याने त्या नव्या वाद्याच्या सोयीने बदलून दिल्या. जुने वाद्य अपवित्र झाले किंवा नवे वाद्य धर्मबुडवे आहे, असा वाद घालत तो बसला नाही. बाखने १७२१ मध्ये ब्रँडेनबर्गच्या सरदाराला सहा कॉन्चेर्टो अर्पण केले. त्यातल्या चौथ्यात दोन रेकॉर्डर आहेत, पाचव्यात आडवी बासरी. एकाच वहीत दोन्ही. टेलेमान तर याच्याही पुढे गेला. त्याचा एक कॉन्चेर्टो रेकॉर्डर आणि आडवी बासरी या दोघींसाठी मिळून आहे. दोघी शेजारी उभ्या राहून एकमेकींना उत्तरे देतात. ज्या दोन वाद्यांत पुढे एकाने दुसऱ्याला मागे टाकले, त्यांना त्याने एका पंगतीला बसवले होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेकॉर्डर मागे पडला. सभागृहे मोठी झाली, रुची बदलली. जवळजवळ दीडशे वर्षे तो जुन्या वस्तूंच्या कपाटात राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये अर्नोल्ड डोल्मेच नावाच्या माणसाने जुने नमुने मोजून तो पुन्हा बनवायला घेतला. पुढे तो स्वस्तात बनू लागला, शाळाशाळांत पोरांच्या हातात गेला आणि मोठे वादकही तयार झाले. आज विवाल्डीचे ते छोटे कॉन्चेर्टो दोन्ही बासऱ्यांवर वाजतात. डोल्मेचने आडव्या बासरीवर बंदी घाला अशी मागणी केली नव्हती. त्याने वाद्य बनवले आणि लोकांना शिकवले. हे लक्षात ठेवा, कारण आपण नेमके उलटे केले.

आता आपल्या घरात येऊ. हार्मोनियम युरोपातली खरीच. पॅरिसमध्ये १८४२ साली तिचे पेटंट घेतले गेले. ती पायपेटी होती. एका हाताने भाता मारायची आणि मांडी घालून वाजवायची हातपेटी आपल्याकडे घडली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांच्या हातून. महाराष्ट्रात ती आली आणि वणव्यासारखी पसरली. भजनात गेली, कीर्तनात गेली, कव्वालीत गेली, नाटकात गेली. आमच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) तिच्यावर असे बोलले की लोक गाणे सोडून पेटी ऐकायला बसत. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली याच पेटीवाल्याच्या. आणि याच पेटीवाल्याने उस्ताद अल्लादियाखाँ यांचे चरित्र मराठीत लिहिले. ज्यांना पेटी आणि उस्ताद यांच्यात वैर दिसते त्यांनी हे जरूर आठवावे. शाहू महाराजांच्या दरबारच्या मुसलमान गवयाचे आयुष्य मराठी वाचकाच्या हाती दिले ते एका पेटी वाजवणाऱ्या ब्राह्मणाने.

पेटी इतकी का पसरली? स्वस्त, सोपी, टिकाऊ ही कारणे आहेतच. पण सर्वांत मोठे कारण कुणी बोलत नाही. पेटीला जात नव्हती. ती वाजवायला कुठल्या घरात जन्मावे लागत नव्हते. शिकायला मिरासी उस्तादाच्या उंबऱ्यावर बसावे लागत नव्हते. मास्तर घरी येई, मुलगी समोर बसे, आई स्वयंपाकघरातून लक्ष ठेवी. सारंगीला हे कधीच मिळाले नाही. सारंगी म्हणजे कोठा, सारंगी म्हणजे तवायफेच्या मागे मान खाली घालून बसलेला माणूस, असे समाजाने ठरवून टाकले होते. तवायफेचे गाणे सगळ्यांना हवे होते. तिच्या सारंगियाला घरात पाट कुणालाच द्यायचा नव्हता.

पटत नसेल तर व्हायोलिनकडे पाहा. व्हायोलिन पेटीइतकेच विलायती. गजाने वाजणारे, सारंगीसारखे सरकत जाणारे, शिकायला सारंगीसारखेच कठीण. महाराष्ट्रात त्याला कुणी परके म्हटले? गजाननबुवा जोशींच्या हातात ते शोभले आणि आपण मान डोलावली. म्हणजे परकेपणाची अडचण नव्हती. शिकायला कठीण हीही अडचण नव्हती. सतार कुठे सोपी आहे? तरी मिरजेच्या गल्लीत मुसलमान कारागिरांच्या पिढ्यांनी बनवलेल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सतार शरीफ घरात गेली, व्हायोलिन शरीफ घरात गेले. सारंगी दारातच राहिली. तिच्या सुरात काही कमी नव्हते. तिच्या अंगाला कोठ्याचा वास येतो असे आपल्याला वाटत होते.

आता बंदीचे प्रकरण. १९४० च्या मार्चमध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीच्या बारा पट्ट्या भारतीय संगीताचा सूर बिघडवतात असे इंग्रज अधिकाऱ्यांना वाटे, आणि रवींद्रनाथांसारख्या मोठ्या माणसालाही पेटी नकोशी होती. सुरांचा आक्षेप खोटा नव्हता. पण त्यावर उपाय काय निघाला? हुकूम. तोही स्वातंत्र्यानंतर चालू राहिला. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या आपल्या मराठी मंत्र्याकडे होते. संगीत शुद्ध करायचा त्यांना ध्यास होता. मुसलमान उस्तादांच्या हाती पडल्यामुळे संगीत अध्यात्मापासून तुटले, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी लिहूनही ठेवले. पेटीवरची बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये, तीही अंशतः. एकतीस वर्षे!

या एकतीस वर्षांत सारंगीला काय मिळाले? कोणी म्हणेल, रेडिओवर नोकऱ्या मिळाल्या. खरे आहे. केंद्राकेंद्रांवर सारंगिये पगारावर लागले, अनेक घरे त्यावर जगली. पण दुसरे पान उलटा. १९४६ मध्ये याच रेडिओने ठरवले की ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना माईकसमोर बसवायचे नाही. रोख कुणावर होता हे सगळ्यांना कळत होते. म्हणजे सारंगी जिथे घडत होती, जिथे तिला रोज रात्री गळ्याशी झुंजायला मिळत होते, ते दार सरकारने नीतीच्या नावाने बंद केले; आणि सारंगियाला सरकारी खुर्ची दिली. झाड तोडायचे आणि फांदीला पाणी घालायचे, असा हा कारभार. वर एखादा राष्ट्रीय नेता गेला की दुखवट्याचे दिवस रेडिओवर सारंगी वाजे. एका पिढीच्या कानात सारंगी म्हणजे मयत हे पक्के बसले. पेटीवर एकतीस वर्षे बंदी घालूनही सारंगी वाढली नाही, यापेक्षा मोठा पुरावा पेटीच्या बाजूने कोणता हवा?

इथवर वाचून माझे मुसलमान वाचक खूश होत असतील, की बघा, केसकरांनी केले, शुद्धीवाल्यांनी केले. थांबा. आता आपली पाळी.

ज्यांना संगीत हरामच वाटते त्यांच्याशी माझे आज भांडण नाही. ते निदान एका वाटेने चालतात. माझे भांडण त्यांच्याशी आहे जे भाषणात अल्लादियाखाँ, अब्दुल करीमखाँ, अमीरखाँ ही नावे छाती फुगवून घेतात, ‘या मुल्काला मौसिकी आम्ही दिली’ म्हणतात, आणि मिरासी हा शब्द शिवीसारखा वापरतात. अमीरखाँसाहेबांचे वडील शाहमीरखाँ सारंगिये होते. अब्दुल करीमखाँ ज्या किराण्याच्या घराण्यातले, तिथे सारंगी पिढीजात होती. ख्यालाचा मोठा भाग सारंगीच्या घरांतून उठलेला आहे. पण सारंगियाचा मुलगा गवई झाला की घरातली सारंगी भिंतीवर टांगली जाई आणि तिच्याविषयी बोलणे बंद होई. का? कारण गवयाला ‘उस्ताद’ म्हणत आणि सारंगियाला ‘सारंगिया’. कारण शरीफ घर गवयाशी कदाचित सोयरीक जोडेल, सारंगियाशी नाही. इस्लाममध्ये जात नाही हे वाक्य आपण व्यासपीठावर म्हणतो. सारंगियाच्या घरून तुमच्या मुलीला मागणी आली तर काय म्हणाल, ते मला खासगीत सांगा.

पोरांनी काय करावे मग? बापाचे वाद्य हातात घेतले की टोमणे, सोडले की निदान माणसांत जागा. त्यांनी सोडले. कुणी दुकान टाकले, कुणी रिक्षा घेतली, कुणी आडनाव बदलले. त्यांना दोष देण्याचा हक्क आपल्याला नाही.

हे दुखणे एकट्या मुसलमानांचेही नाही. गोव्यात कलावंत समाजाच्या घरांत बाई गायची आणि घरातले पुरुष सारंगी-तबल्याची साथ करायचे. ते हिंदू होते, देवळांच्या सेवेत होते. त्या घरांनी मराठी संगीताला मोठमोठ्या गायिका दिल्या. आज त्या गायिकांची नावे सन्मानाने घेतली जातात, हे योग्यच आहे. पण त्यांच्या मागे बसलेल्या सारंगियांची किती नावे तुम्हाला येतात? धर्म बदलला तरी तिरस्कार तोच होता. तो मागे बसणाऱ्या माणसाचा तिरस्कार होता.

आणि जिथे मान मिळाला तिथे काय झाले तेही पाहा. केसरबाई केरकर, अल्लादियाखाँची सर्वांत मानी शिष्या, अब्दुल मजीदखाँची सारंगी साथीला घेऊन गात. बालगंधर्वांच्या नाटकात ऑर्गन वाजे आणि त्याच्याच शेजारी कादरबक्षांची सारंगीही वाजे. विलायती आणि देशी दोन्ही एका नाटकात, एका पदामागे, आणि प्रेक्षक रात्रभर हलत नसत. रामनारायण साथीदाराची जागा सोडून एकट्याने सारंगी घेऊन मंचाच्या मध्यभागी बसले, तेव्हा लोकांना कळले की हे वाद्य रडण्यापलीकडे किती काही बोलते. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. वाद्य तेच होते. फक्त बसायची जागा बदलली होती.

आमच्या कोल्हापूरला हे अवघड जाऊ नये. इथल्या तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे शेजारी बसतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. १८८३ पासून चालत आलेला देवल क्लब या गावात आहे. अल्लादियाखाँचे नाव आपण अभिमानाने मिरवतो. मग पेटी की सारंगी हा खोटा वाद सोडून चार साध्या गोष्टी करता येतील.

गाण्याच्या कार्यक्रमाच्या फलकावर साथीदाराचे नाव गायकाच्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापणे बंद करा. वर्षातल्या दोन-चार बैठकी तरी अशा ठेवा की पेटी आणि सारंगी दोन्ही साथीला असतील आणि दोघांना स्वतंत्र बोलायला वेळ असेल. टेलेमानने दोन बासऱ्यांना दिला तसा. सारंगी शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला, हो, मुलीला, शिष्यवृत्ती द्या. आणि ती देताना आडनाव विचारू नका. मिरजेचा कारागीर पन्नास किलोमीटरवर बसला आहे. मागणी असेल तर चांगली सारंगी बनवणारे हात अजून तयार होतील.

आणि माझ्या कौमला सांगणे एवढेच : ज्या घरातून सारंगी गेली त्या घराशी सोयरीक जोडा, त्या घरातल्या म्हाताऱ्याला मोहल्ल्याच्या जलशात पुढच्या रांगेत बसवा, त्याच्या नातवाला वर्गात मिरासी म्हणणाऱ्या पोराचा कान धरा. हे करायला कुठल्या फतव्याची गरज नाही, मंत्र्याच्या हुकुमाचीही नाही. ते होईपर्यंत निदान पेटीला दोष देणे थांबवा. ती बिचारी आपल्या बारा पट्ट्या घेऊन आली, ज्याने भाता मारला त्याच्यासाठी वाजली. तिने कुणाला त्याची जात विचारली नाही.